पहिला टेक

नगरच्या सावेडीत मी मुलांना गिटार शिकवतो. त्यातल्या एखाद्यानं आमचा अल्बम कुठूनतरी ऐकलेला असतो. तो विचारतो, सर, 'वखर' बँडमध्ये तुम्हीच होता ना? मी हो म्हणतो. मग तो 'रांग' या गाण्याबद्दल बोलायला लागतो — जो कुणी बोलतो तो त्याच गाण्याबद्दल बोलतो — आणि मी तारा सुरात लावायचं निमित्त करून खाली बघतो. इतकी वर्षं तेवढ्यावर भागलं. त्या गाण्याबद्दल जे मला ठाऊक आहे ते बायकोला सांगितलेलं नाही, विकीला नाही, आणि सुमेधला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, बहुतेक. ओळखीच्या माणसासमोर हे माझ्या तोंडून निघत नाही. प्रयत्न करून पाहिलाय.

आम्ही चौघं होतो. ड्रमवर विकी — पारनेरचा, माझा कॉलेजपासूनचा मित्र. बेसवर माझा चुलतभाऊ. तो पुढे पुण्याला नोकरीला गेला, या गोष्टीत त्याचा काही दोष नाही. गिटारवर मी. आणि गायला सुमेध. पण सुमेध नंतर आला. हे 'नंतर' लक्षात ठेवा. त्याच्या आधी गायचो मी.

हेवी मेटल म्हणजे काय, हे नगरमध्ये तेव्हा जवळजवळ प्रत्येकाला समजावून सांगावं लागायचं. माझ्या आईची तर समजूत होती की आमची वाद्यं बिघडलेली आहेत. त्यात गायचं म्हणजे घशातून खरवडून, गुरगुरून, किंचाळून आवाज काढायचा. ऐकणाऱ्याला तो वेडावाकडा वाटतो, पण त्याला ताकद लागते, रीत लागते, आणि थकलेल्या घशानं काढत राहिलं तर गळ्याची कायमची वाट लागते. मला हे माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम आत्ताच लिहून ठेवतो, नंतर माझी हिंमत होणार नाही. मला हे पहिल्यापासून माहीत होतं.

मी गायचो इंग्रजीत. बरा गायचो, असं माझं मत होतं, आणि ते खोडून काढणारं कुणी नव्हतं. एकदा विकीच्या वडिलांचा कांदा घेऊन आम्ही नगरच्या मार्केटात गेलो. तिथं एका आडत्याकडे एक सडपातळ पोरगा लिलाव पुकारत होता. व्यापाऱ्यांचा घोळका या ढिगावरून त्या ढिगावर सरकत होता, मागे ट्रॅक्टर, हमालांची ओरड — आणि या सगळ्याच्या वरून त्याचा आवाज जात होता. तो ओरडतोय असं वाटतच नव्हतं. नुसता बोलतोय, आणि सगळ्या मार्केटला ऐकू येतंय. विकी म्हणाला, "हा आपल्याला पाहिजे." मी हसलो. विकी हसत नव्हता.

तो सुमेध. कर्जतकडचा. बौद्ध घरातला, वडिलांची गायन पार्टी. जयंतीच्या दिवसांत ते गावोगाव भीमगीतं गायचे, पेटी स्वतः वाजवायचे, आणि सुमेध लहानपणापासून त्यांच्या मागे कोरसला उभा. आई तो शाळेत असतानाच गेली होती. वडिलांचा गळा आता थकत चालला होता, आणि पार्टी पुढे सुमेधनं चालवायची हे घरात न बोलता ठरलेलं होतं. त्याचीही ना नव्हती. तुमच्यासंगं चार दिवस वरडून घेतो, मग बाबांच्या पेटीशेजारी बसतो, असं तो म्हणायचा.

विकी त्याला सरावाला घेऊन आला त्या पहिल्या दिवशी त्यानं आमची गाणी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "वाजवताय लई भारी. पन ह्यो कुनाशी बोलतोय?"

'ह्यो' म्हणजे मी. विकी एवढा हसला की काठी हातातून सुटली. मीही हसलो. मग सुमेधनं आमच्याच चालीवर स्वतःचे चार मराठी शब्द म्हणून दाखवले, आणि त्यानंतर माझं इंग्रजी कुणाला ऐकवेना. मलाही.

माइक मी स्वतःहून त्याच्या हातात दिला. विकी म्हणाला, केदार, तुझं मन मोठं आहे. सुमेध मला दादा म्हणायला लागला, ते तेव्हापासून. मन मोठं होतं का? माइक दिला त्या दिवसापासून मी त्याच्या चुका टिपत होतो. आता कळतं, असं लिहिणार होतो. पण नाही — तेव्हाही कळत होतं.

'रांग' त्यानं लिहिलं. त्यांच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा. तो अगदी लहान असताना आई त्याला बाजूला उभं करायची आणि हंडा घेऊन रांगेत शिरायची. टँकर आला की रांग मोडायची, झुंबड उडायची आणि आई दिसेनाशी व्हायची. तो हाका मारत राहायचा. त्या गलक्यात हाक आईपर्यंत पोचायची नाही. गाण्यात एवढंच होतं. शेवटी शब्द संपतात आणि नुसतं 'आई' राहतं. कागदावर वाचलं तर काहीच नाही.

अल्बम करायचं ठरलं तेव्हा पुण्यातला स्टुडिओ आम्हाला झेपणारा नव्हता. विकीच्या घरच्यांची पारनेरजवळ रानात एक पोल्ट्री शेड होती, कोंबड्या बंद केल्यापासून रिकामी. आम्ही जाळ्यांवर प्लायवूड ठोकलं, आतून गोणपाट आणि जुन्या गाद्या लावल्या, आणि तिला आधी थट्टेनं आणि मग खरोखर स्टुडिओ म्हणायला लागलो. कितीही धुतलं तरी कोंबड्यांचा वास गेला नाही. वारा सुटला की फटींतून बारीक धूळ आत यायची. शेतीची लाईट पाळीनं यायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री; दिवसा असेल त्या आठवड्यात आम्ही तिथं मुक्कामाला. विकीची आई भाकरी पाठवायची. ते दिवस चांगले होते, हे लिहायची मला लाज वाटते. पण होते.

रेकॉर्डिंग मी करायचो. लॅपटॉप माझा, ते सॉफ्टवेअर मी शिकलेलो, हेडफोन माझ्या कानाला. बाकीच्यांना शेडमध्ये कानावर पडेल ते. आत काय उतरलं, ते मी सांगेन तेच. कुणी कधी शंका घेतली नाही. का घेतील?

माझं एक गाणं होतं, बँडच्याच नावाचं. ते मी कितीतरी दिवस घासत होतो. पुरं झालं तेव्हा विकी मोबाईल बघता बघता म्हणाला, छान झालंय. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी 'रांग' घ्यायला बसलो. वाद्यं आधीच झाली होती, फक्त आवाज राहिला होता. सुमेध म्हणाला, आधी एकदा अंदाज घेतो. मी बटण दाबलं.

कसं सांगू? शेवटच्या हाकेला माणूस डोळे मिटतो. त्यानं उघडे ठेवले. समोर प्लायवूड होतं, पण तो तिथं कुणाला तरी शोधत होता. आवाज वर गेला, जिथं संपायला हवा होता तिथून आणखी वर गेला, आणि मग तो एकदम लहान पोराचा झाला. मोठ्या माणसाच्या गळ्यातून लहान पोर, गर्दीत हरवलेलं. तो थांबला. विकी ड्रममागे बसून रडत होता, तोंड न लपवता. चुलतभाऊ उठून बाहेर गेला.

माझ्याही अंगावर काटा आला होता. आणि त्याच क्षणी — इथं हात थांबतोय, पण लिहितो — त्याच क्षणी मला कळलं की हा बँड आता माझा राहिला नाही. मी जमवलेली माणसं, मी बसवलेल्या चाली, आणि लोकांच्या लक्षात राहणार ती ही एक हाक.

सुमेधनं विचारलं, "आलं का दादा?"

समोर लॅपटॉपवर सगळं स्वच्छ दिसत होतं. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. मी म्हणालो, "नाही रे. वर गेलास तिथं आवाज फाटलाय. मशीनला झेपलं नाही. परत घ्यावं लागेल."

विकी डोळे पुसत म्हणाला, "जरा ऐकव तरी."

"तो टेक पुसला," मी म्हणालो. "ठेवून काय करायचं?"

पुसला नव्हता. मी तो दुसरीकडे ठेवून दिला आणि लॅपटॉप जरा माझ्याकडे वळवून घेतला. एवढं सोपं होतं ते. खोटं बोलताना मनाची काही तयारी लागते असं म्हणतात. मला काहीच लागलं नाही.

सुमेधला वाईट वाटलं असेल, पण तो म्हणाला, "घिऊ की परत. त्यात काय."

मला नक्की काय हवं होतं? मी स्वतःला कितीदा विचारलंय. त्याचा गळा जावा असं मला वाटत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन, पण माझ्या शपथेला काय किंमत आहे? मला एवढंच हवं होतं की ते त्याला इतकं सहज जमू नये. मी माझ्या गाण्यासाठी घासलं होतं तसं त्यानंही घासावं. दोन-चार वेळा फसावं, मग मी पहिला टेक बाहेर काढीन, म्हणेन की अरे, सापडला. हसू सगळे. असं काहीतरी होतं मनात.

पण तो खरंच फसायला लागला. ती हाक पुन्हा आली नाही. आधी काय केलं ते तो आठवून आठवून करत होता, आणि आठवून केलेली गोष्ट वेगळीच होते. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. प्रत्येक वेळी मी हेडफोन काढून नकारार्थी मान हलवायचो. त्याचा चेहरा पडायचा. आणि मला — हे मी आजवर स्वतःशीही मोठ्यानं म्हटलेलं नाही — मला बरं वाटायचं. इतकं बरं वाटायचं की त्या रात्री मला छान झोप लागायची.

मग ते सांगायची वेळ निघून गेली. कधी निघून गेली ते मला दाखवता येणार नाही. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती थट्टा झाली असती. तिसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर शिवी खाऊन सुटलो असतो. त्यानंतर सांगायचं म्हणजे, मी कोण आहे तेच सांगावं लागलं असतं.

त्याचा आवाज बसायला लागला. विकीच्या आईनं आलं-गूळ घालून काढा पाठवला, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. एका सकाळी तो बाहेर नळावर तोंड धूत होता, मी मागे उभा होतो. थुंकीत रक्त होतं. त्यानं पाणी ओतून ते सारखं केलं आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसला. जसं काही चूक त्याची होती.

विकी त्याला पारनेरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, बोलायचंसुद्धा नाही, गाणं विसरा, आणि नगरला घशाच्या डॉक्टरांना दाखवा. विकी परत आला तो तापलेलाच. म्हणाला, "बंद. गेला अल्बम खड्ड्यात. दोन महिन्यांनी करू."

 सुमेध माझ्याकडे बघत होता. मी सांगेन ते तो करणार होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आणि मी काय केलं? मी नको म्हणालो नाही. कर, असंही म्हणालो नाही. मी म्हणालो, "लाईट उद्यापर्यंतच दिवसा आहे. तुझं तू ठरव."

तुझं तू ठरव. त्या तीन शब्दांत मी माझी सोय करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं घेतला तो शेवटचा टेक. सुरुवातीचे शब्द नीट फुटतसुद्धा नव्हते. शेवटच्या हाकेला त्यानं दोन्ही हातांनी माइकचा खांब धरला आणि होतं नव्हतं ते सगळं लावलं. हेडफोनमध्ये मला एक बारीक, ओला आवाज ऐकू आला. बाकी कुणाला नाही, मला एकट्याला. त्याच्यानंतर नुसती हवा होती. तोंड उघडं, मान ताणलेली, आणि त्यातून नुसती हवा.

मी हेडफोन काढला आणि म्हणालो, "मिळाला."

तो हसला. दातांना लाल लागलं होतं. विकीनं त्याला मिठी मारली. मीही मारली.

घरी येऊन मी गाणं जोडलं ते पहिला टेक लावून. शेवटचा टेक मी एकदाच ऐकला. त्यात लावण्यासारखं काही नव्हतं. शेवटचाच टेक मशीनवर साफ केलाय, असं मी बाकीच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. ते एका माणसाचं मोडणं होतं, गाणं नव्हतं. सगळ्यांना बसवून ऐकवलं तेव्हा विकी म्हणाला, "बघ, इतके दिवस थांबलो त्याचं चीज झालं." सुमेध डोळे मिटून ऐकत होता. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही का? मला त्याच क्षणाची भीती होती. पण त्याला आवाज ओळखू आला, टेक नाही. इतकं ओरडल्यावर कुठला कधीचा ते कुणाला लक्षात राहतं. त्यानं फक्त अंगठा वर केला. बोलायला त्याला मनाई होती.

ती मनाई उठलीच नाही म्हणा. नगरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं. आवाजाच्या पडद्याला आत जखम झाली होती, ती भरली पण व्रण राहिला. औषधं झाली, एक ऑपरेशन झालं. उरला तो घोगरा, फुसका आवाज. शेजारी बसलेल्याला ऐकू येतो, पलीकडच्याला नाही. लिलाव पुकारायचं काम अर्थातच गेलं. आडत्यानं काही दिवस वजनकाट्यावर बसवलं, मग तेही संपलं. तो कर्जतला परत गेला आणि टेम्पो चालवायला लागला.

आणि अल्बम? इंटरनेटवर टाकला. थोड्या लोकांनी ऐकला, लांबलांबहून काहींनी 'रांग'बद्दल लिहिलं, पुण्याला एका कार्यक्रमात वाजवायला बोलावलं. गायला कोण? विकी म्हणाला, केदार, तू गा. म्हणजे जे मला हवं होतं ते मला मिळालं, बघा. मी सरावाला 'रांग' म्हणायला उभा राहिलो. शेवटच्या हाकेपर्यंतही पोचलो नाही. विकीनं काठ्या पिशवीत भरल्या. 'वखर' त्या दिवशी संपला.

एवढंच असतं तरी मी कदाचित हे लिहिलं नसतं. मत्सरानं माणूस करतो काहीबाही, असं म्हणून पचवलं असतं. पण त्याच वर्षी पावसाळ्यानंतर सुमेधचे वडील माझ्या घरी आले. बसनं नगरला, तिथून रिक्षानं सावेडीला, विचारत विचारत. पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी त्यांना काका म्हणायचो. आईनं चहा केला. त्यांनी तो संपवला, कप नीट बशीत ठेवला आणि म्हणाले, "तुमी तिथं हुता. मला खरं काय ते सांगा. त्यो काय बोलंना. डाक्टरनं नको म्हनलं हुतं, तरी त्यानं कशापायी केलं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. तिथं सांगायला हवं होतं ना? समोर बाप बसलेला, घरात आईशिवाय कुणी नाही, ती स्वयंपाकघरात. तो माणूस भांडायला आला नव्हता. त्याला फक्त समजून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "काका, आम्ही त्याला नको नको म्हणत होतो. त्यानं ऐकलंच नाही. त्याचं त्यानं ठरवलं."

त्यांनी खिशातलं पेन सरळ केलं. मग म्हणाले, "हट्टी हाय. आईवर गेलाय." उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुमी मनाला लावून घिऊ नका."

पुढचं मला सुमेधनंच सांगितलं. वडील घरी गेले आणि त्याला म्हणाले, "आवाज तुझ्या एकट्याचा न्हवता. माझ्या बापाचा हुता, माझा हुता, समाजाचा हुता. तू उधळून आलास." त्यानंतर त्यांनी पेटीला हात लावला नाही. पार्टीतली माणसं इकडेतिकडे पांगली. बाप-लेक एका घरात राहायचे, एका ताटलीतली चटणी खायचे, पण त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

मी विचारलं, तू त्यांना काही म्हणाला नाहीस? कारण मी नको म्हणालो नव्हतो, हे सुमेधला ठाऊक होतं. वडिलांना मी खोटं सांगितलं, हे त्याला कळलंच होतं.

तो म्हणाला, "बरं केलं दादा तू. बाबांना वाटलं असतं कुनी करायला लावलं, तर ते तुमच्या सगळ्यांशी भांडत बसले असते. माझं मीच केलं की ते. तू काय हात धरला हुता का माझा?"

माझं खोटं त्यानं स्वतःहून असं उचलून घेतलं, आणि मी ते त्याच्या डोक्यावर राहू दिलं.

वडील गेले त्याला आता काही वर्षं झाली. मी आणि विकी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. मांडवात त्यांचा फोटो, हार, समोर बसलेले जुन्या पार्टीतले दोघं-तिघं म्हातारे. वंदना झाली, मग कुणीतरी म्हणालं की शाहिरांचं, म्हणजे काकांचं, आवडतं गाणं म्हणू या. पलीकडच्या गावचा एक तरुण गायला. चांगला गायला. सुमेध फोटोशेजारी उभा राहून त्याच्याबरोबर ओठ हलवत होता. मी पहिल्या रांगेत होतो, तिथंही त्याचा आवाज येत नव्हता. एक म्हातारा माझ्या कानात म्हणाला, "पोरानं बापाचं नाव घालवलं." मी त्यालाही काही म्हणालो नाही.

आता तुम्ही म्हणाल, अजून तरी सांग त्याला. मीही तसं ठरवून दोनदा कर्जतच्या बसमध्ये बसलोय. मग मी स्वतःला समजावतो, की त्याला निदान एवढं तरी आहे — आवाज गेला पण तो कशासाठी तरी गेला, ते गाणं राहिलं. हे कळलं की ते रक्त, तो शेवटचा टेक, सगळं फुकट होतं, तर त्याच्याकडे उरेल काय? ऐकायला हे चांगलं वाटतं. मलाही वाटायचं. पण ते खरं नाही. मी त्याच्यासाठी गप्प नाही. तो मला दादा म्हणतो, ते बंद होऊ नये म्हणून मी गप्प आहे.

गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. त्याची मुलगी आता शाळेत जाते. तिला कुणीतरी वर्गात सांगितलं होतं की तुझे पप्पा आधी गायचे. ती हटून बसली, ऐकवा. सुमेधनं मोबाईलवर 'रांग' लावलं आणि ओट्यावर ठेवलं. शेवटची हाक आली तेव्हा ती दचकून त्याला चिकटली. मग वर बघून म्हणाली, "हे कोन वरडतंय?"

"मी," तो त्याच्या त्या फुसक्या आवाजात म्हणाला.

तिला खरं वाटलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान डोलावली.

सुमेध म्हणाला, "शेवटचा टेक हाय ह्यो. आधीचे सगळे वाया गेल्ते. ह्या काकानं धीर सोडला न्हाई म्हनून मिळाला." आणि माझ्याकडे वळून, "व्हय का न्हाई दादा?"

मी म्हणालो, "हो."

त्यानं माझा हात हातात घेऊन दाबला. मी तो दाबू दिला. आतून त्याच्या बायकोनं ताटं वाढल्याचं सांगितलं, आणि मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो आणि पोटभर जेवलो.